टाकून द्या म्हणण्याआधी एकदा चालू तरी करून बघा : पुण्यातल्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्यांना खुलं पत्र

स.न.वि.वि.

टिळक रोड, बुधवार पेठ, कर्वे रोड, सिंहगड रोड, हडपसर, पिंपरी, जिथं जिथं शटरवर 'लॅपटॉप व डेस्कटॉप रिपेअर' लिहिलेलं आहे त्या सगळ्या मालकांना आणि काउंटरवर बसणाऱ्या पोरांना हे पत्र. नाव कुणाचंच घेणार नाहीये, कारण मी तीन दुकानं फिरले आणि तिन्हीकडं एकच उत्तर ऐकलं, म्हणजे हा एका माणसाचा दोष नाही, धंद्यालाच तशी सवय लागलीये.

तर झालं असं. माझ्या वडिलांचा कॉम्प्युटर २०१३ चा, असेंबल केलेला, आय थ्री थर्ड जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बाबा ७६ वर्षांचे, सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले, त्यामुळे बोटं अजून शिवशिवतात. दिवसाला एक तरी पत्र टाईप होतं, कधी पेपरच्या संपादकांना, कधी सोसायटीच्या सेक्रेटरीला, कधी नुसतंच फाईलमध्ये ठेवायला. त्याशिवाय यूट्यूबवर नाट्यसंगीत, बँकेचं स्टेटमेंट बघणं, आणि पत्त्यांचा तो एकट्याने खेळायचा गेम. बास. ह्याच्या पलीकडं त्या मशीनचा काही उपयोग नाही आणि असायची गरजही नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, स्क्रीनवर सारखा निरोप यायला लागला, आणि बाबांना वाटलं आता बँकेतले पैसे जाणार. मग मी एका शनिवारी सीपीयू (डब्याला सीपीयू म्हणत नाहीत हे मला माहितीये, पण तुम्ही पण तेच म्हणता) स्कूटीवर पायांच्या मधे ठेवला, वरून जुनी ओढणी गुंडाळली आणि निघाले. पहिल्या दुकानात ज्यांनी बघितलं त्यांनी तो चालू केला नाही. वायर लावली नाही. झाकण उघडलं नाही. बोटाने डब्यावर टकटक केली, कलिंगड बघतात तशी, आणि म्हणाले, "कुठल्या सालचा?" म्हणलं २०१३. "काकू, ह्याला आता विंडोज ११ चालत नाही, टाकून द्या, ३८ हजारात नवीन सेट बसवून देतो." काकू म्हणालात ते पण सोडून देते.

मी म्हणलं एवढे पैसे नाही घालायचे, दुसरं काही? तर म्हणे ७०० रुपयांत आहे त्याच्यावर फ्रेश विंडोज मारून देतो, सगळी सॉफ्टवेअर टाकून. म्हणलं ओरिजिनल का? तर तुमचा पोरगा हसला. वाईट हसला नाही, पण हसला, जसं मी मंडईत कोथिंबिरीचं पक्कं बिल मागितलंय. दुसऱ्या दुकानात तेच, फक्त आकडा ४१ हजार. तिसऱ्यात ते म्हणाले की विंडोज ११ पण 'जुगाड करून' बसवता येतं, चेकिंग बायपास करून, पुढे अपडेट आले नाहीत तर बघू.

आता ह्यात खोटं काय होतं? तसं काहीच नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, बाबांचा तिसऱ्या पिढीतला, तो बसणारच नव्हता. पण 'विंडोज ११ चालत नाही' आणि 'कॉम्प्युटर गेला' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना हो? मोटार ठीक, टायर ठीक, फक्त एका पेट्रोल पंपाने पेट्रोल द्यायचं बंद केलं म्हणून कोणी गाडी भंगारात देतं का. आणि तिघांपैकी एकानेही हे सुद्धा सांगितलं नाही की घरगुती वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट घेत राहायची सोय ठेवलीये. ते मला नंतर कळलं. म्हणजे तो जुगाड सोडला तरी त्या दिवशी माझ्यासमोर खरं तर चार रस्ते होते (चौथा पुढे सांगते), तुम्ही दोनच दाखवलेत, त्यातला एक ३८ हजारांचा आणि एक चोरीचा.

चोरीचा हा शब्द बाबांचा आहे हां, माझा नाही. घरी येऊन सांगितल्यावर ते म्हणाले, "३७ वर्षं सरकारी कागद टाईप केला, एक कार्बन पेपर घरी आणला नाही, आता म्हातारपणी चोरीचं नको." म्हणलं ठीक आहे.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने एक पेनड्राईव्ह हातात दिला, म्हणाला ह्याच्यात लिनक्स मिंट आहे, विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई वालं, हलकं असतं, आधी इन्स्टॉल करू नकोस, नुसतं पेनड्राईव्हवरूनच चालवून बघ, आवडलं तर पुढचं. आणि गेला हॉस्टेलला. मी काही आयटीतली नाहीये, एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, दिवसभर टॅली मारते, त्यामुळे मला जमलं ह्याचा अर्थ तुमच्या दुकानातल्या नवीन पोराला झोपेत जमेल.

मशीन चालू करताना एफ १२ दाबत राहायचं, पेनड्राईव्ह निवडायचा, आणि दोन-तीन मिनिटांत समोर अख्खा डेस्कटॉप, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, हार्ड डिस्कला हातही न लावता. मला स्वतःला हे आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. वायफायचा डोंगल लागला, आवाज लागला, नाट्यसंगीत लागलं. मग पेनड्राईव्ह काढून परत विंडोज चालू केलं तर घड्याळात पहाटेचे साडेचार! बाहेर सकाळचे दहा वाजलेत, आणि बाबा म्हणतायत तू काहीतरी बिघडवलंस. नंतर समजलं की लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात आंतरराष्ट्रीय वेळ ठेवतं आणि विंडोजला तिथं आपली स्थानिक वेळ अपेक्षित असते, फरक बरोब्बर साडेपाच तासांचा, दहातून साडेपाच वजा करा, साडेचार. बिघाड काही नाही, वेळ परत लावली की झालं. पण ह्या असल्या ठिकाणीच साधा माणूस घाबरून सगळं सोडून देतो, आणि ह्याच ठिकाणी तुमच्यासारखं कोणीतरी शेजारी पाहिजे असतं, म्हणून तर हे पत्र लिहितेय.

बाबांनी त्याची परीक्षा कशी घेतली ते सांगते, कारण मला ती फार आवडली. त्यांना ना इंटरनेट बघायचं होतं ना चित्रं. म्हणाले मराठी येतं का ते बघू. सेटिंगमध्ये कीबोर्डला मराठी इनस्क्रिप्ट जोडला (इनस्क्रिप्ट ते ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा शिकले, 'क' च्या जागी के, 'प' च्या जागी एच, हलन्त डी वर), रायटर (वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर) उघडलं, आणि सगळ्यात पहिला शब्द टाईप केला 'वऱ्हाड'. मग 'दुसऱ्याच्या', 'कोऱ्या', 'पाऱ्याचं'. शिफ्ट जे, डी, मग पुढचं अक्षर. तो आडवा र, आपला मराठीतला, जो कितीतरी ठिकाणी मोडतो, तो नीट जागेवर बसला. मग 'ळ' बघितला. मग 'ज्ञ', 'श्र', 'क्ष'. मग मान हलवून म्हणाले, "येतंय." एवढंच. ७६ वर्षांच्या टंकलेखकाकडून ह्याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

पण मग घोळ झाला जुन्या फायलींचा. २००३ ते २००९ मधली पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. बाबांचा चेहरा पडला. तेव्हा ऑफिसात सीडॅक ह्या सरकारी संस्थेचा 'सुरेख' नावाचा फॉन्ट असायचा, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा, म्हणजे फाईलमध्ये खरं तर 'क' नसतोच, इंग्रजी अक्षरांचे नंबर असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा वेष चढवतो, फॉन्ट नसला की वेष उतरतो. हे विंडोजवरही फॉन्ट नसेल तर असंच होतं, लिनक्सचा दोष नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या फॉन्ट फोल्डरमधून ती एक फाईल उचलली, लिनक्सच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकली, रायटर बंद करून उघडलं, आणि २००४ सालचं पाणीकपातीवरचं पत्र जसंच्या तसं. बाबांनी ते पूर्ण वाचलं. म्हणाले, "आत्ता पाठवलं तरी चालेल, काही बदललेलं नाही."

मग पक्कं इन्स्टॉल करायचं ठरलं. रॅमचा एक तुकडा सेकंडहँड घेतला ४ जीबीचा आणि २५६ जीबीची एसएसडी, सगळं मिळून दोन-सव्वादोन हजारात बसलं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढला, दोनदा काढला, हे मात्र कोणीही चुकवू नका. आणि मी शहाणी, सुट्टी काढून गुरुवारी बसले इन्स्टॉल करायला. पुण्यात आयुष्य गेलं आणि गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज घालवायचा वार, लक्षात राहिला नाही! निम्म्यात वीज गेली. युपीएसची बॅटरी कधीच मेलेली. चार तासांनी आली तेव्हा परत पहिल्यापासून, पण जुनी डिस्क काढून बाजूला ठेवलेली असल्यामुळे गेलं काहीच नाही, दुसऱ्या खेपेला वीसेक मिनिटांत झालं. पूर्वी बटण दाबून बाबा आंघोळीला जायचे, येईपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. आता खुर्ची पुढे ओढेपर्यंत दिसतो. खोटं कशाला बोलू, ह्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे, ती टाकली असती तर विंडोजसुद्धा पळालं असतं. पण ती तरी टाकून घ्या असं तुम्ही कुठं म्हणालात?

हे सगळं होऊन आता पाच महिने झाले. बाबांचे मला ह्या काळात कॉम्प्युटरवरून आलेले फोन एकूण चार. एक, पत्ते कुठंयत (वेगळं इन्स्टॉल करावं लागलं, नाव वेगळं आहे, खेळ तोच). दोन, पत्र सेव्ह केलं की ओडीटी (रायटरची स्वतःची फाईल) होतं आणि सेक्रेटरीच्या मोबाईलवर उघडत नाही, मग पीडीएफ कसं करायचं ते शिकवलं, एक बटण आहे. तीन, अपडेट आलंय असं दिसतंय, दाबू का. दाबा. आणि चौथा प्रिंटरचा, त्याबद्दल खाली लिहिते कारण तिथं मी हरले.

मी काही लिनक्सची कीर्तनकार नाहीये. मी स्वतः ऑफिसात विंडोजवरच आहे आणि राहणार, कारण टॅली. सीएच्या ऑफिसातलं मशीन आणलं आणि त्यावर डिजिटल सिग्नेचरचं टोकन चालवायचं असेल तर लिनक्सचं नाव काढू नका, शिव्या खाल. नारायण पेठेतला डीटीपीवाला, फ्लेक्सवाला, ज्याचं अख्खं आयुष्य कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपमध्ये गेलंय, त्याला जिम्प आणि इंकस्केप दाखवू नका, ते चांगले आहेत पण त्याच्या हाताला ते लागणार नाहीत. मुलगा ऑनलाईन गेम खेळणारा असेल तर आधी कुठला गेम ते विचारा, काही चालतात, काही चीटिंग पकडणाऱ्या सिस्टिममुळे चालत नाहीत. मशीन अगदीच ३२ बिटचं, म्हणजे फारच जुन्या प्रोसेसरचं, असेल तर त्याला मात्र नमस्कार करा, मिंटनेच २०२० पासून आपल्या मुख्य आवृत्तीत ३२ बिट सोडलंय, आणि क्रोम तर ३२ बिट लिनक्सवर त्याच्याही आधी बंद झालं. आणि प्रिंटर. बाबांचा जुना लेझर प्रिंटर, कंपनीचं नाव नको, त्याचा ड्रायव्हर मी दोन रविवार घालवून बसवला, एक पान आलं, दुसरं आलं नाही. काही कंपन्यांचे प्रिंटर लावल्या लावल्या ओळखले जातात, काहींचे सात जन्मात नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं पीडीएफ पाठवतो, दोन रुपये पान. बाबांना तेवढंच चालणं होतं.

पण बघा ना, ही जी यादी मी सांगितली, ती तुमच्याकडं येणाऱ्या किती लोकांना लागू होते? आजी-आजोबा, दहावीतलं पोरगं ज्याला प्रोजेक्ट टाईप करायचंय, घरगुती डबे पुरवणारी बाई जिला हिशोबाची एक एक्सेल शीट पाहिजे. ह्यांचं सगळं ब्राउझरमध्ये असतं. ह्यांना विंडोज पाहिजे असं नसतंच, ह्यांना 'कॉम्प्युटर' पाहिजे असतो, विंडोज फक्त त्याचं नाव पडलंय, जसं आपण कुठल्याही वॉशिंग पावडरला एकाच नावाने हाक मारतो. एमएससीआयटी केलेल्या सगळ्यांनी तेच बघितलेलं, तेच माहिती.

त्यामुळे माझी मागणी फार छोटी आहे. गिऱ्हाईक आलं की साल विचारता ना, त्याच्या जोडीला अजून एक प्रश्न विचारा, "तुम्ही ह्याच्यावर करता काय?" आणि उत्तर बाबांसारखं आलं तर ड्रॉवरमधला पेनड्राईव्ह काढून लावा, काउंटरवरच, गिऱ्हाइकासमोर, पाच मिनिटं. बघू दे त्याला. नाही आवडलं तर विका नवीन सेट, माझं काही म्हणणं नाही.

तुम्ही म्हणाल, ह्यात आम्हाला काय मिळणार, फुकटची गोष्ट. इथंच सगळ्यांची गल्लत होते. फ्री सॉफ्टवेअरमधलं 'फ्री' म्हणजे मुक्त, फुकट नव्हे, ही गोष्ट १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणारे रिचर्ड स्टॉलमन कित्येक वर्षं घसा कोरडा करून सांगतायत. लिनक्स ज्या परवान्याखाली आहे त्यात बसवून द्यायचे पैसे घ्यायला कुठंही मनाई नाही. घ्या की. ७०० चोरीच्या विंडोजचे घेता, लिनक्सचे १००० घ्या, वर रॅम विका, एसएसडी विका, डेटा काढून द्यायचे वेगळे लावा. मी दिले असते, आनंदाने दिले असते, माझे दोन शनिवार, दोन रविवार आणि एक सुट्टीचा गुरुवार वाचला असता. आणि ह्यात तुमच्या डोक्याला भीती नाही. त्या फुकटच्या विंडोजला 'अ‍ॅक्टिव्हेट' करायला तुम्ही जे टूल वापरता ते चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, त्या टूलबरोबर अजून काय काय आत शिरतं ते तुम्हालाही माहिती नसतं, आणि मग त्याच मशीनवर माणूस पेन्शन खात्याचा पासवर्ड टाकतो.

गिऱ्हाईक परत येऊन कटकट करतं, हेही मान्य. 'हे विंडोजसारखं दिसत नाही', 'माझा अमुक कुठंय'. पण ते विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर पण हेच म्हणतं, स्टार्ट बटण मधे का गेलं म्हणून. पहिला आठवडा सांभाळला की पुढं शांत.

आणि नंतर मी लिनक्सचं नाव काढलं तेव्हा पुण्यात बसून लिनक्स म्हणजे काहीतरी परग्रहावरचं असं तुम्ही म्हणावं ह्याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. इथं पाषाणला आयआयटीएम ह्या हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' नावाचा महासंगणक बसवला, मान्सूनचे अंदाज काढायला, तो लिनक्सवर. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्स सोडून दुसरं काही नाहीच. सीडॅक १९८८ पासून इथलीच, त्यांनी तर बॉस नावाचं भारतीय लिनक्ससुद्धा काढलं. लिनक्सवर मराठी दिसायला जो लोहित फॉन्ट वर्षानुवर्षं वापरला गेला तो रेड हॅट ह्या लिनक्सवाल्या कंपनीने २००४ मध्ये खुला केला, आणि रेड हॅटचं ऑफिस पण आपल्या पुण्यात आहे. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन, त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा आहे, म्हणजे तुम्ही मला 'लिनक्स कोण वापरतं हो' असं म्हणालात तेव्हा तुमच्या हातात तेच होतं. तिकडं केरळात सरकारी शाळांमधली पोरं कित्येक वर्षं ह्याच्यावरच शिकतायत, दहावीपर्यंत, आणि आपण म्हणतो लोकांना जमणार नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दुकानात मी उभी होते तेव्हा मागच्या बाजूला, जिन्याखाली, डब्यांचा ढीग होता, छतापर्यंत, पांढरे पडलेले, काळे, काहींवर अजून शाळेचं नाव रंगवलेलं. विचारलं तर म्हणाले भंगारवाला नेतो, किलोवर. त्यातले किती चालू होते? तुम्ही तरी बघितलंय का, का त्यांना पण नुसती टकटक? त्या शाळेच्या डब्यांना दीड-दोन हजार लावले असते तर अजून एक-दोन बॅच टाईप करायला शिकल्या असत्या असं मला उगाच वाटत राहिलं, घरी येईपर्यंत.

राग मानू नका. मी तुमच्याकडं परत येणार आहे, कारण युपीएसची बॅटरी बदलायची आहे आणि ते काही मला घरी जमणार नाही.

कळावे,
कोथरूडची एक गिऱ्हाईक

ता. क. : बाबांनी हे पत्र वाचून तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि विचारलंय की जिन्याखालच्या ढिगात डीडीआर ३ ची ४ जीबी रॅम निघाली तर किती घ्याल. शेजारच्या जोशीकाकांचा कॉम्प्युटर पण २०१४ चा आहे.